आभाळातली जागा आणि तिचं भाडं

(कलघटगी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



२२ जून २०२२. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, फ्रेंच गयानातल्या कुरू इथे संध्याकाळचे सात वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि एरियान-५ जातीचा अग्निबाण उडाला. आपल्याकडे २३ तारीख लागून तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बाणाच्या टोकात दोन उपग्रह होते. एक मलेशियाच्या मीसॅट कंपनीचा आणि दुसरा आपला, जीसॅट-२४ नावाचा, ४,१८० किलो वजनाचा. पुढच्या वर्षी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा शाळाशाळांत पडदे लावून ते दृश्य दाखवलं गेलं. जीसॅट-२४ च्या नशिबी तसलं कौतुक नव्हतं. पण हुबळी-धारवाडच्या घराघरांत रात्री साडेसात-आठला जे चालू असतं, त्याचं नातं चंद्रापेक्षा या उपग्रहाशी अधिक जवळचं आहे.

हा उपग्रह बांधला इस्रोने, पण बांधून घेतला न्यूस्पेस इंडिया लिमिटेडने. अंतराळ विभागाची ही सरकारी कंपनी मार्च २०१९ मध्ये निघाली आणि २०२० च्या सुधारणांनंतर तिला सांगण्यात आलं की यापुढे उपग्रह मागणी पाहून बांधायचे. तोवरची रीत उलटी होती. सरकारने पैसे घालायचे, इस्रोने उपग्रह बांधून वर ठेवायचा आणि मग त्यातली क्षमता दूरदर्शनला, दूरसंचार खात्याला, बँकांना, खासगी वाहिन्यांना वाटून द्यायची. कधी मागणारे जास्त आणि क्षमता अपुरी, तर कधी ट्रान्सपाँडर रिकामे. जीसॅट-२४ च्या बाबतीत गिऱ्हाईक आधी ठरलं होतं. त्याचे २४ के-यू पट्ट्यातले ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला संदेश पकडून, त्याचा जोर वाढवून परत खाली सोडणारे संच, सगळेच्या सगळे घराघरांत थेट टीव्ही पोचवणाऱ्या टाटा प्ले या एका कंपनीने भाड्याने घेतले.

कलघटगीकरांना ही रीत समजावून सांगायला नको. इथला रंगवलेला लाकडी पाळणा गिऱ्हाइकाने सांगितल्यावर हाती घेतला जातो. बारसं केव्हा, पाळणा जायचा कुठे, पट्ट्यांवर रामायणातले प्रसंग हवेत की कृष्णाच्या लीला, हे ठरल्यावरच रंगाची वाटी पुढे येते. जीसॅट-२४ हा इस्रोचा पहिला सांगून करून घेतलेला पाळणा.

अग्निबाणाच्या धुरात आणि आवाजात या धंद्यातला खरा माल कोणता हे नजरेआड होतं. माल म्हणजे आभाळातली एक जागा, आणि त्या जागेवरून जमिनीवर पडणारा लहरींचा झोत. ती जागा कुणाची, झोत कुणाच्या छपरावर पडतो आणि त्याचं भाडं कोण भरतं, एवढ्या तीन प्रश्नांवर हा धंदा उभा आहे. उड्डाण हा त्यातला सामान पोचवण्याचा भाग. तो अवघड आहे, महाग आहे, पण आटोपतो अर्ध्या-पाऊण तासात. आजचं व्याख्यान म्हणूनच बाणापेक्षा जागेबद्दल आणि भाड्याबद्दल जास्त आहे.

जागेपासून सुरुवात करू. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर एखादी वस्तू सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत राहिली, तर तिची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला ती वस्तू आभाळात एका जागी खिळल्यासारखी वाटते. आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात लिहिलं की असे तीन उपग्रह ठेवले तर जवळजवळ सगळी पृथ्वी संदेशांच्या कक्षेत येईल. त्याने या कल्पनेचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तरी फारसा उपयोग नव्हता, कारण धंद्यासाठीचा पहिला भूस्थिर उपग्रह वर जायला आणखी २० वर्षं लागली.

तो उपग्रह म्हणजे ‘अर्ली बर्ड’, अधिकृत नाव इंटेलसॅट-१. ६ एप्रिल १९६५ रोजी तो केप केनेडीहून उडाला. कक्षेतलं वजन ३५ किलोच्या आत, म्हणजे जीसॅट-२४ च्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. अटलांटिकच्या दोन काठांमध्ये तो एका वेळी २४० टेलिफोन संभाषणं नेऊ शकत असे, नाहीतर एक दूरचित्रवाणी वाहिनी. दोन्ही एकदम नाही. टीव्ही लावला की फोन बंद. तरीही लोक रांगेत होते, कारण समुद्रतळाच्या तारांवर जागा मिळवणं त्याहून कठीण होतं.

आता गंमत अशी की ही कक्षा एकच आहे आणि ती विषुववृत्ताच्या वरच आहे. तिथे दोन उपग्रह एकाच पट्ट्यात फार जवळजवळ ठेवले तर जमिनीवर त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. म्हणजे जागा मोजक्या. मोजकी जागा म्हटली की भांडण आलंच. १९७६ मध्ये कोलंबिया, इक्वेडोर, ब्राझील, केनिया, इंडोनेशिया असे विषुववृत्तावरचे आठ देश बोगोटाला जमले आणि त्यांनी जाहीर केलं की आमच्या डोक्यावरची कक्षा आमच्या मालकीची. बाकी जगाने ते मान्य केलं नाही. जागावाटप जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे राहिलं आणि आधी अर्ज करून आधी उपग्रह ठेवणाऱ्याला आधी जागा, हा नियम टिकला. मग पॅसिफिक महासागरातलं चिमुकलं टोंगा पुढे सरसावलं. या राज्याकडे ना अग्निबाण ना उपग्रह, पण त्याने १६ जागांसाठी अर्ज टाकला. मोठ्या कंपन्यांनी आरडाओरड केली, तेव्हा सहा जागांवर तडजोड झाली. त्या जागा टोंगाने भाड्याने द्यायचं ठरवलं. जमीनदारीचा हा प्रकार आपल्या गावांना नवा नाही. फक्त सातबारा जिनिव्हात.

भारताने आपल्या जागा वेळेवर धरल्या. ५५ अंश पूर्व, ७४ अंश, ८३ अंश, ९३.५ अंश. यातला ८३ अंश पूर्व हा बिंदू श्रीलंकेच्या आग्नेयेला समुद्रावर येतो, आणि जीसॅट-२४ चं घर तेच. त्याच्या आधी तिथे १९९९ मध्ये इन्सॅट-२ई आला होता. त्याचे ११ ट्रान्सपाँडर भारताने इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेला भाड्याने दिले होते. ज्या संस्थेचं आकाशातलं सामान वापरून भारताने उपग्रह-दूरसंचाराचा ओनामा केला, तिलाच घरातल्या खोल्या भाड्याने देण्यापर्यंत २८ वर्षांत मजल गेली.

तो ओनामा झाला महाराष्ट्रात. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या जवळ, जुन्नर तालुक्यात आर्वी नावाचं गाव आहे. डोंगरांच्या आडोशाची जागा, म्हणून बाहेरच्या लहरींचा त्रास कमी. १९७१ मध्ये तिथे देशाचं पहिलं व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झालं. त्यातून परदेशी फोन इंटेलसॅटमार्फत जाऊ लागले. त्याआधी विलायतेला ‘ट्रंक कॉल’ लावायचा तर रेडिओच्या लघुलहरींवर, हवामानाच्या मर्जीने. हे केंद्र परदेशी कंपनीकडून बांधून न घेता इथल्याच अभियंत्यांनी उभारावं असा विक्रम साराभाईंचा हट्ट होता. १९७१ च्या डिसेंबरात साराभाई गेले आणि केंद्राला त्यांचंच नाव मिळालं. आर्वीच्या त्या ताटलीचा व्यास सुमारे ३० मीटर. आपल्या छपरावरची डीटीएचची छत्री ६० सेंटिमीटरची. क्षेत्रफळ काढलं तर आर्वीची अडीच हजार पट मोठी. पन्नास वर्षांत छत्री एवढी आटली ती वरच्या उपग्रहाचा जोर वाढल्यामुळे. मोठा खर्च आभाळात गेला आणि लहान खर्च गिऱ्हाइकाच्या छपरावर राहिला. डीटीएचचा सगळा धंदा या एका उलटापालटीतून निघाला आहे.

कर्नाटकातल्या खेड्यांनी मात्र याच्या फार आधी उपग्रहावरून टीव्ही पाहिला, तोही फुकट. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला दिला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली गेली. कर्नाटकातले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. गावच्या शाळेवर किंवा चावडीवर तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री. जाळी साधी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली. खाली एक टीव्ही आणि समोर अख्खं गाव. कार्यक्रम कन्नड, तेलुगू, उडिया आणि हिंदीत. ‘साइट’ नावाच्या या प्रयोगाची सूत्रं हलवणाऱ्यांत कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ चिटणीस होते, आणि प्रमोद काळेही होते. श्रीलंकेत राहणाऱ्या आर्थर क्लार्कच्या घरीही इस्रोने एक संच बसवून दिला. आपण लिहिलेलं आपल्याच अंगणात उतरलेलं बघण्याचं भाग्य फार थोड्या लेखकांना लाभतं.

आपला धारवाड जिल्हा त्या यादीत नव्हता. आणि वर्ष संपल्यावर यादीतल्या गावांचाही टीव्ही बंद पडला, कारण उपग्रह मागून आणलेला होता. नासाने तो परत नेला आणि छत्र्या आभाळाकडे तोंड करून राहिल्या. मागून आणलेल्या वस्तूवर व्यवस्था उभी राहत नाही, ही गोष्ट इस्रोच्या लोकांनी गाठीला बांधली. जून १९८१ मध्ये ‘ॲपल’ हा पहिला भारतीय भूस्थिर उपग्रह कुरूहूनच उडाला. एरियानचं ते चाचणीचं उड्डाण होतं, त्यामुळे तिकीट माफ. त्याच्या अँटेनाची चाचणी बैलगाडीवर ठेवून घेतली होती, कारण भोवती लोखंड नको होतं. त्या छायाचित्राला बरेच जण गरिबीचं छायाचित्र समजतात. ते युक्तीचं आहे.

इन्सॅट मालिकेचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये वर गेला आणि त्याच वर्षी निकामी झाला. दुसरा, इन्सॅट-१बी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून गेला. त्याचे सौर पंखे काही केल्या उघडेनात. हासनच्या नियंत्रण केंद्रात माणसं पंधरवडाभर झगडली, पंखे उघडले, आणि मग तो सात वर्षं चालला. रामायण, महाभारत, विश्वचषक हे सगळं गावोगाव पोचलं ते याच्या जोरावर. उपग्रहावरून संदेश लहान लहान मनोऱ्यांना, मनोऱ्यांवरून घरच्या काठीवरच्या अँटेनाला.

इथे सीमाभागातल्या मराठी घरांची अडचण सुरू झाली. मनोऱ्याची लहर साठ-सत्तर किलोमीटरपलीकडे जात नाही, आणि मनोरा कुठल्या केंद्राचा कार्यक्रम लावणार हे राज्यावरून ठरे. कर्नाटकातले मनोरे बंगळुरूचे. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून चालू होतं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही दिसू लागलं. पण कलघटगीच्या मराठी घरात मुंबईचा कार्यक्रम यायला वाट नव्हती. उपग्रह देशभर ओतत होता आणि त्याची वाटणी मात्र राज्यांच्या हद्दीप्रमाणे होत होती.

ही हद्द मोडली एका जुन्या, मोडक्या, दुसऱ्यांदा विकलेल्या उपग्रहाने. त्याची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

फेब्रुवारी १९८४ मध्ये वेस्टार-६ नावाचा अमेरिकी व्यापारी उपग्रह चॅलेंजर यानातून सोडला गेला. पुढे ढकलणाऱ्या मोटारीने दगा दिला आणि तो खालच्याच कक्षेत अडकला. इंडोनेशियाच्या पालापा उपग्रहाचंही त्याच फेरीत तेच झालं. विमा कंपन्यांनी पैसे भरले आणि नियमाप्रमाणे दोन्ही निकामी उपग्रह त्यांच्या मालकीचे झाले. आभाळात फिरणारं भंगार कुणाच्या उपयोगाचं? त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यान वर गेलं. अंतराळवीर जोसेफ ॲलन आणि डेल गार्डनर बाहेर पडले, दोन्ही उपग्रह हातांनी धरून यानात आणले आणि एक छायाचित्र काढून घेतलं. त्यात गार्डनरच्या हातात पाटी आहे, ‘विकणे आहे’.

गिऱ्हाईक मिळालं हाँगकाँगचं. वेस्टार-६ दुरुस्त झाला, त्याचं नाव एशियासॅट-१ झालं आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला. आता त्याचा झोत आशियाच्या मोठ्या भागावर पडत होता. १९९१ मध्ये स्टार टीव्ही त्यावर आला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही. गावच्या एखाद्या उद्योगी माणसाने गच्चीवर आठ ते बारा फुटी छत्री उभारायची, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळी वायर ओढायची आणि महिन्याच्या महिन्याला घरोघर पैसे गोळा करायचे. या केबलवाल्याने कुठलाही कायदा वाचला नव्हता. वाचायला कायदाच नव्हता, तो १९९५ मध्ये आला. कुठल्या गल्लीत कोणती भाषा पाहतात हे त्याला ठाऊक असे, आणि तेवढं पुरे होतं.

१९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, आजची झी मराठी. पुढच्या वर्षी ई टीव्हीने मराठी आणि कन्नड दोन्ही वाहिन्या काढल्या. उपग्रहाच्या झोताला राज्याची सीमा दिसत नाही. कोल्हापूरच्या छतावर जो संदेश पडतो तोच तेवढ्याच जोराने कलघटगीत पडतो, तंजावरच्या मराठी घरावर पडतो आणि बडोद्यातही. सीमाप्रश्नाच्या बाजूने आणि विरोधात गेल्या साठ-सत्तर वर्षांत जेवढा कागद खर्च झाला, त्याची बेरीज करणं अवघड. त्यातलं एकही वाक्य न वाचता एका व्यापारी उपग्रहाने मराठी कार्यक्रम हुबळीत आणि कन्नड कार्यक्रम सोलापूर-अक्कलकोटात पोचवले. त्याचा हेतू उदात्त नव्हता. जास्त छपरं म्हणजे जास्त जाहिरात, एवढाच हिशेब.

पण भाड्याचा प्रश्न पुढे आला की हद्द परत येते. आज डीटीएचचा संच घेताना कर्नाटकात समोर ठेवतात तो कन्नड पॅक. मराठी वाहिन्या येतात, पण वेगळ्या मागाव्या लागतात आणि त्यांचे पैसे वर पडतात. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामकाने वाहिनी निवडून घ्यायची मुभा दिली, म्हणजे कागदावर कुणालाच अडचण नाही. प्रत्यक्षात जो मागतो त्याला मिळतं आणि जो मागत नाही त्याच्या घरातून एक भाषा हळूच कमी होते. संदेश तर छपरावर पडतच असतो, कुलूप सेट-टॉप बॉक्समध्ये आहे. प्रस्तुत वक्त्याच्या मते सीमाभागातल्या भाषिक संस्थांनी ठराव करण्यात जेवढा जोर लावला, त्याचा दहावा हिस्सा या पॅकच्या यादीवर लावायला हवा होता.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र एक प्रयोग या दोन राज्यांत जोडीने झाला, आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. सप्टेंबर २००४ मध्ये श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट गेला, फक्त शिक्षणासाठी बांधलेला उपग्रह. तो वर जाण्याआधी इन्सॅट-३बी वर जी पूर्वतयारी झाली, तिच्यात बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही दोन्ही होती. एका प्राध्यापकाचा तास अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत एकदम दिसायचा आणि विद्यार्थी उलट प्रश्न विचारू शकायचे. एज्युसॅट २०१० मध्ये निवृत्त झाला. पुढे इंटरनेट आलं, स्वस्त झालं, आणि वर्गातला तो पडदा मागे पडला.

आता छपरावर चढू. कलघटगीच्या अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तर ८३ अंशावरचा उपग्रह आग्नेय-दक्षिणेला येतो आणि क्षितिजापासून सुमारे ७० अंश उंच, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. पण टाटा प्लेची छत्री पाहिली तर ती इतकी वर बघताना दिसत नाही, पंचेचाळीस अंशांच्या आसपास कललेली वाटते. कारण तिचा आकार गोल ताटलीचा नसून मोठ्या ताटलीतून कापलेल्या तुकड्याचा आहे, आणि संदेश पकडणारा दांडा खालच्या कडेला बसवलेला आहे. म्हणून ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघते. पाऊस साचत नाही, पानं अडकत नाहीत, हा वरचा फायदा. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंशावरच्या जीसॅट-१५ कडे बघते. तिचं तोंड आणखी पूर्वेकडे आणि थोडं खाली, ६२ अंशांवर. गल्लीत फिरताना छत्र्यांची तोंडं पाहून कुणाच्या घरी महिन्याचं भाडं जातं आणि कोण फुकटात पाहतं, हे सांगता येतं.

या छत्र्यांमधल्या सगळ्या भारतीय उपग्रहांकडे बघत नाहीत. एअरटेलची १०८.२ अंशाकडे वळलेली असते, तो उपग्रह परदेशी. दूरदर्शनची स्वतःची मोफत सेवासुद्धा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली ती एनएसएस-६ या डच कंपनीच्या उपग्रहावरून. आपल्या उपग्रहांत जागा नव्हती. जी होती तीही अपुरी पडत गेली. जुलै २००६ मध्ये इन्सॅट-४सी जीएसएलव्ही या अग्निबाणासह बंगालच्या उपसागरात गेला, आणि इन्सॅट-४बी ची २०१० मध्ये निम्मी वीज गेली. परदेशी उपग्रहांचं भाडं डॉलरमध्ये जातं, म्हणून जीसॅट-२४ सारखा सांगून बांधलेला उपग्रह महत्त्वाचा.

मग तो आपल्याच बाणाने का सोडला नाही, हा प्रश्न श्रोत्यांत हमखास येतो. उत्तर वजनात आहे. आपला सगळ्यांत ताकदवान एलव्हीएम-३ या कक्षेच्या वाटेवर सुमारे चार टन पोचवतो. जीसॅट-२४ त्याहून थोडा जड. शिवाय कुरू विषुववृत्तापासून अवघ्या पाच अंशांवर आहे. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला ४६३ मीटरचा वेग फुकट मिळतो. श्रीहरिकोट्यालाही ४५२ मिळतो, त्यामुळे तिथे तोटा थोडा. खरी पंचाईत दुसरी. कुरूहून बाण सरळ पूर्वेला सोडला तर कक्षा विषुववृत्तालगत पडते. श्रीहरिकोट्याहून ती वीसेक अंशांनी तिरकी होते. तो तिरकेपणा उपग्रहाला स्वतःच्या इंधनाने मोडून काढावा लागतो, आणि इंधन संपलं की आयुष्य संपलं. जागेचं भाडं वर्षांवर मिळतं, तर चुकीच्या गावाहून निघालं की भाडं बुडतं, असा हिशेब.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कारणाने जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोंचा उपग्रह फ्लोरिडाहून स्पेसएक्सच्या फाल्कन-९ ने गेला. एरियान-५ चं शेवटचं उड्डाण जुलै २०२३ मध्ये होऊन गेलं होतं, नवा एरियान-६ तयार नव्हता. २ नोव्हेंबर २०२५ ला मात्र इस्रोने ४,४१० किलोंचा सीएमएस-०३ स्वतःच्या एलव्हीएम-३ ने नेला. युक्ती ही की कक्षेचं लांबचं टोक ३६ हजार किलोमीटरऐवजी ३० हजारांच्या आसपास ठेवलं, उरलेलं अंतर उपग्रहाने स्वतः काटलं. सीएमएस-०३ नौदलाचा आहे, व्यापारी नाही. पण यापुढे तिकीट बाहेर काढायचं की घरी, याचा विचार त्या उड्डाणाने बदलला.

बाण आपलं काम उरकून उपग्रहाला लांबट कक्षेत सोडतो तेव्हा जवळचं टोक जेमतेम अडीचशे किलोमीटरवर असतं. पुढचा मालक हासन. बंगळुरूच्या पश्चिमेला, आपल्याच राज्यात, सालगामे रस्त्यावरचं मुख्य नियंत्रण केंद्र. तिथून आज्ञा जातात आणि उपग्रहाची ४४० न्यूटनची मोटार पेटते. ४४० न्यूटन म्हणजे जमिनीवर ४५ किलो वजन पेलण्याइतकाच जोर, पण तो तासाभरासारखा मोठा वेळ, दोन-तीन टप्प्यांत लावला की चार टनांचा उपग्रह वर्तुळात येऊन बसतो. मग पंखे उघडायचे, अँटेना उघडायच्या, आणि कामाला लागायचं.

आभाळात स्थिर वाटणारी ही वस्तू खरं तर सतत सरकत असते. सूर्य आणि चंद्र तिला वर-खाली ओढतात, पृथ्वीचा जरासा बेढब आकार तिला पूर्व-पश्चिम ढकलतो. ठरलेल्या जागेपासून एक दशांश अंशाच्या आत तिला ठेवायचं असतं. त्या उंचीवर एक दशांश अंश म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर. एवढ्या चौकटीत ८३ अंशावर एकटा जीसॅट-२४ नाही. जीसॅट-१० आणि जीसॅट-३० हेही तिथेच आहेत. एकमेकांना धक्का न लावता, प्रत्येकाचं इंधन थेंबाथेंबाने वाचवत, हासनचे लोक वर्षानुवर्षं त्यांना हाकत राहतात. उपग्रहाचं ठरलेलं आयुष्य १५ वर्षं आहे. पंधरा वर्षं रोज काहीही न घडणं हे या लोकांच्या कामाचं फळ, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. शेवटच्या थोड्या इंधनात उपग्रहाला तीनेकशे किलोमीटर वर ढकलायचं, म्हणजे जागा पुढच्यासाठी मोकळी.

या धंद्याला आता खालून टक्कर मिळते आहे. साडेपाचशे किलोमीटरवरून हजारो लहान उपग्रह फिरवणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. भूस्थिर उपग्रहापर्यंत संदेश जाऊन परत यायला पाव सेकंद लागतो. टीव्हीला त्याने फरक पडत नाही, पण इंटरनेटवरच्या बोलण्यात तो खटकतो. या टकरीला जीसॅट-एन२ ने निराळं उत्तर शोधलं आहे. एका मोठ्या झोताऐवजी ३२ लहान झोत, आठ ईशान्येवर, २४ उरलेल्या देशावर. एकूण वेग सेकंदाला ४८ गिगाबिट. लहान झोतांमुळे तीच वारंवारता पुन्हा पुन्हा वापरता येते. पण ज्या एकाच झोताने कोल्हापूर आणि कलघटगी एका छपराखाली आणली, त्याचे आता तुकडे होताहेत. कोणत्या तुकड्यावर किती क्षमता ओतायची हे गिऱ्हाईक ठरवेल, आणि मलनाडाच्या कडेचं गाव गिऱ्हाईक म्हणून किती वजनदार ठरेल याबद्दल फार भाबडेपणा नको. त्यात हा उपग्रह के-ए पट्ट्यात बोलतो, त्याच्या लहरी दीडेक सेंटिमीटरच्या. पावसाचे थेंब के-यू पेक्षा त्यांना अधिक गिळतात. जुलैतल्या कलघटगीला हे वेगळं सांगायला नको.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण व्याख्यानानंतर हाच प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपता संपता, चार-पाच दिवस, सूर्य बरोबर ८३ अंशावरच्या उपग्रहाच्या मागे येतो. कलघटगीत ही वेळ दुपारी बाराच्या आसपासची. मार्चमध्ये बाराला, सप्टेंबरात पावणेबाराला. छत्रीला उपग्रहाबरोबर सूर्याचाही गोंगाट ऐकू येतो आणि पाच-दहा मिनिटं चित्र अडखळतं किंवा जातं. फ्री डिशचा उपग्रह आणखी पूर्वेला, म्हणून तिची वेळ याच्याही आधीची, साधारण पाऊण तासाने. ढग नसताना, पाऊस नसताना, त्याच वेळेला रोज चित्र गेलं तर डिशवाल्याला फोन लावायची घाई करू नये. तो येईपर्यंत सूर्य पुढे सरकलेला असतो, आणि तो नुसती वायर हलवून पैसे घेऊन जातो.